कोबीत मायकोरायझा वाया जाणारच
कोबीला मायकोरायझा (पिकाच्या मुळांशी जोडून राहणारी उपयुक्त बुरशी) देऊनही फरक दिसला नाही, अशी तक्रार असते. दिसणारच नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळांशी ही बुरशी जोडलीच जात नाही. तेच कांद्याला द्या. कांद्याचं मूळ उपटून बघा: जाड, पांढरं, फांद्या कमी, केसमुळं जवळजवळ नाहीत. स्फुरद (फॉस्फरस हे अन्नद्रव्य) जमिनीत फारसं हलत नाही, मुळालगतच्या १-२ मिलिमीटरमधलं संपलं की रोप अडतं. बुरशीचे तंतू काही सेंटिमीटर पुढून ते आणतात, बदल्यात साखर घेतात. म्हणून लागवडीवेळी मुळांना चिकटेल असंच द्या, वरून फेकू नका. सोबत डीएपी या स्फुरदाच्या खताचा भरमसाट डोस किंवा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) मात्र टाळाच. कोबीनंतर थेट कांदा घेण्यापेक्षा मधे मका किंवा ज्वारी घ्या, त्यांच्या मुळांवर जमिनीतली बुरशी टिकते.