१९४४ च्या रुपयाचा पापुद्रा सुटलाय: टांकसाळीचा दोष की नंतरची इजा?

रुपया_आणा_पै:
नमस्कार मंडळी. जॉर्ज सहावा, १९४४ चा एक रुपया. राजाच्या मानेमागच्या मोकळ्या जागेत अंदाजे ६ मिमी लांब, २ मिमी रुंद पोपडा निघाला आहे. त्याचा थोडा भाग एका टोकाला अजून चिकटून आहे, नखाला लागतो. आतला तळ करडा, खडबडीत, बारीक समांतर रेघांचा. त्याच बाजूला 'एम्परर' या शब्दातून कडेपर्यंत केसासारखी एक रेघ गेली आहे. वजन ११.४२ ग्रॅम भरतं, मूळ ११.६६ हवं. हा टांकसाळीतला दोष म्हणायचा की कोणीतरी कोरलंय? वजनातली घट पोपड्यामुळे आहे का? आणि वरून चांदीचा मुलामा दिलेलं खोटं नाणं तर नाही ना?

ठसा_आणि_चकती:
आधी वजनाचं सांगतो, कारण तिथे हिशोब सरळ आहे. ६ × २ मिमीचा पोपडा ०.१५ मिमी जाड धरला तरी १.८ घन मिमी धातू गेला, म्हणजे जेमतेम ०.०२ ग्रॅम. तुमची घट ०.२४ ग्रॅमची आहे. एवढी घट पोपड्यातून यायची तर तो दहापटीहून मोठा हवा होता. तेव्हा नाणं खरं असेल तर बाकीची घट वापराने झालेली झीज आहे. मुकुटावरचं नक्षीकाम आणि कडेचे कंगोरे किती बोथट झालेत ते पाहा, झीज तिथे दिसेल.

आता पोपडा. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त आहे. त्याआधीच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के होती. चार धातूंचा हा रस नीट जमवणं कठीण. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि जस्त ९०७ लाच उकळतं. रसात वायू, ऑक्साइड किंवा मळी अडकून राहिली की ओतलेल्या लगडीत पोकळी राहते. लगड लाटून पट्टी केली की ती पोकळी लांबट, चपट्या थरासारखी होते. तिच्या वरच्या पातळ पत्र्याला खाली आधार नसतो. मग तो ठसा पडण्याआधी, पडताना किंवा वापरात वर्षांनी कधीही सुटतो. यालाच आपण लॅमिनेशन म्हणतो.

कधी सुटला हे तळ सांगतो. दहापट भिंग घ्या आणि दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा. वरून पडलेल्या उजेडात काहीच कळत नाही.

तळावर अक्षरं किंवा चित्र पुसट का होईना पुढे चालू असेल आणि खड्ड्याची कड दबून गोलसर झाली असेल, तर पापुद्रा ठशाआधीच गेला होता. तळ लाकडाच्या रेषांसारखा, कड धारदार आणि पातळ, तळावर ठशाचा मागमूस नाही, तर तो ठशानंतर सुटला. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो. तुमचा पोपडा मोकळ्या जागेत आहे, तिथे चित्रच नाही, म्हणून तुम्हाला कडेचा आकार आणि तळाचा पोत यांवरच भिस्त ठेवावी लागेल. दोन्ही प्रकारांत दोष पट्टीतलाच, म्हणजे टांकसाळीचाच.

कोरलेल्या खड्ड्याचं चित्र वेगळं असतं. हत्याराने धातू नाहीसा होत नाही, सरकतो. खाचेच्या शेवटी किंवा बाजूला उचललेला बांध दिसतो, रेघा चमकदार असतात आणि हाताच्या वळणाने वळतात. लॅमिनेशनच्या रेघा पट्टी लाटल्याच्या दिशेने सरळ जातात, चित्राची पर्वा करत नाहीत. दुसऱ्या बाजूलाही एखादी बारीक चीर असेल तर दोन्हींची दिशा जुळते का बघा. जुळली तर मोठा पुरावा.

केसासारख्या रेघेबद्दल एकच विचारतो: ती उंच आहे की खोल?

कंगोरा:
तळाच्या रंगाबद्दल जोडतो. करडा किंवा आतल्या मिश्रधातूचाच रंग असेल तर बरं. गुळगुळीत लाल तांबं किंवा पिवळं पितळ दिसलं तर मुलाम्याचा संशय घ्या. पण इथे बरेच जण फसतात. कमी चांदीच्या चकत्या, म्हणजे पट्टीतून कापलेले ठसा पडण्याआधीचे कोरे तुकडे, भट्टीत मऊ करून आम्लात धुतल्या की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर चांदीने भरलेली कातडी उरते. उंच भाग झिजले की खालचा पिवळसर-तांबूस रंग गालावर, मुकुटावर डोकावतो. ती झीज आहे, मुलामा उडालेला नाही. तिथे पायरी नसते, पोपड्याला पायरी असते.

आपल्याकडे रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची रीत होती. म्हणून मुकुटाच्या वरची कड नीट तपासा. कडी जोडायला लावलेला डाग (झाळण) काढून टाकला तरी कंगोऱ्यांच्या खाचांत तो भरून राहतो, आणि सुट्या डागाचा पातळ तुकडा पोपड्यासारखा दिसतो. शिवाय सोनाराच्या ज्योतीने आतला अडकलेला वायू फुगून फोड येतो. फोडाचं मूळ टांकसाळीत असलं तरी तसं नाणं मी एरर, म्हणजे टांकसाळीची चूक असलेलं नाणं, म्हणून घेणार नाही.

खऱ्याखोट्यासाठी पाण्याची चाचणी करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा चालत नाही. पेलाभर पाणी काट्यावर ठेवून शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, तळाला-भिंतीला लागू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा जे दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. या मिश्रधातूची घनता साधारण ९.५ येते, ९१.७ टक्के चांदीची १०.३, पितळेची ८.५ च्या आसपास. कडेवर कंगोऱ्यांच्या मधोमध खाच, म्हणजे सिक्युरिटी एज, आहे ना तेही पाहा. ओतीव नकलेत ती बुजलेली असते आणि पृष्ठभागावर गोल बारीक छिद्रं दिसतात.

रुपया_आणा_पै:
काटा १.२० दाखवतो, तीनदा केलं. सिक्युरिटी एज स्पष्ट आहे, वरच्या कडेला डाग नाही. तळाच्या रेघा सरळ आहेत, बांध कुठेच नाही. आणि केसासारखी रेघ उंच आहे, अक्षरांच्या वरूनही जाते.

ठसा_आणि_चकती:
११.४२ भागिले १.२० म्हणजे ९.५२. काट्याची ०.०१ ची चूक धरली तरी ९.४४ ते ९.६० मध्येच राहतं. पितळ असतं तर १.३४ दिसलं असतं. नाणं खरं, पोपडा टांकसाळीचा.

रेघ उंच आहे म्हणजे तो डाय क्रॅक. ठशालाच, म्हणजे डायलाच, तडा गेला, त्या तड्यात धातू भरला आणि नाण्यावर उंच रेघ आली. चकतीतली चीर किंवा ओरखडा नेहमी खोल असतो. म्हणजे तुमच्या नाण्यावर एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष आहेत: एक चकतीचा, एक ठशाचा. त्याच डायची नाणी मिळाली तर तीच रेघ तिथेच सापडेल, पोपडा मात्र पुन्हा तसा मिळणार नाही. नोंद करताना दोन्ही वेगळे लिहा.

कंगोरा:
किमतीत फार अपेक्षा ठेवू नका. एवढ्याशा पोपड्याला नेहमीच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं, आणि काही जण तो खराबीतच धरतात. ब्रॉकेज (आधीचं नाणं अडकून त्याची उलटी, खोलगट छाप पडलेलं नाणं) किंवा ठसा बराच सरकलेलं नाणं यांची गोष्ट निराळी. विकताना 'दुर्मिळ' असं लिहू नका, मोजमाप आणि आडव्या उजेडातला फोटो द्या.

चिकटलेला तुकडा दाबून बसवू नका, डिंक नको, उचकटूही नका. चिंच, लिंबू, पितांबरी अजिबात नको, आम्ल पोपड्याखाली शिरलं की आतून खात राहतं. पाण्याच्या चाचणीनंतर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, मग दोन मिनिटं शुद्ध अॅसिटोनमध्ये ठेवा, खिडकी उघडी आणि गॅस बंद. न पुसता हवेवर वाळू द्या. पीव्हीसीचं मऊ पाकीट टाळा, त्याने हिरवा चिकट थर येतो आणि पोपडा पाकिटाला अडकतो. कडक गोल कॅप्सूल घ्या, नाणं फक्त कडेने धरणारी. रुपयाचा व्यास साडेतीस मिमीच्या जवळपास आहे, पण व्हर्नियरने मोजूनच घ्या.