पुण्याला कशासाठी आलात?

बाहेरगावचा पाहुणा भेटला की आपण लगेच विचारतो, ‘काय काय बघितलं?’ शनिवारवाडा, सारसबाग, सिंहगड ही यादीही आपल्याकडे तयार असते. ज्याला भांडारकर संस्थेत बसून एखादी जुनी पोथी चाळायची आहे, त्यालाही आपण तीच यादी देतो. मला वाटतं, आधी ‘कशासाठी आलात?’ हे विचारायला हवं. येणाऱ्यांनी लिहा, त्यांना फिरवणाऱ्यांनी लिहा, घरात ठेवून घेणाऱ्यांनी तर लिहाच.

स्टेशनवर रिक्षा चालवतो

गिऱ्हाईक बाहेरचं असलं की दगडूशेठ नाहीतर तुळशीबाग. एकदा चिमूरकडच्या आजी नातवाला घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, आगाखान पॅलेस. वाटेत कळलं, बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या वडिलांना अटक झाली होती. आत गेल्यावर त्या थेट मागे समाध्यांकडे गेल्या. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला तिथे कैदेतच गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. आजी कस्तुरबांच्या समाधीपाशी बराच वेळ बसल्या. नातू घाई करत होता, त्याला मीच थांबवलं. वेटिंगचे पैसे घेतले नाहीत.

शिक्षिका, बीड जिल्हा

सहलीला मुलींना वॉटर पार्क हवं होतं, मला गंज पेठेतला फुलेवाडा. दोन्ही केलं. १८४८ ची मुलींची शाळा त्यांना पुस्तकातून पाठ होती. जोतीरावांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे वाड्यात उभं राहून सांगितल्यावर एकीने विचारलं, ‘मग त्यांच्या भावकीतले लोक काय म्हणाले असतील?’ पाण्यावरून गावात काय काय बोललं जातं, हे तिला घरात ऐकून माहीत होतं. परतीच्या गाडीत मुली त्यावर बोलत राहिल्या. वॉटर पार्कवरही बोलल्या, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मुलांनी मजेसाठीही प्रवास करावा.

बेळगाव

आम्ही डिसेंबरात सवाईला येतो. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा गाण्याचा महोत्सव. मावशीकडे उतरायचं, दुपारी मंडपात जायचं, रात्री परत. पुणं बघायचं राहिलं, असं आम्हाला कधी वाटत नाही.

भिगवणजवळ नाव चालवतो

पुणे जिल्ह्यातलंच आहे म्हणून लिहितो. आमचा धंदा मासेमारीचा. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, तेव्हा पुण्याहून लोक पहाटे निघून उजाडायला आमच्याकडे पोचतात. त्यातले कॅमेरेवाले वेगळे. ते बोलत नाहीत, हाताने खुणा करतात, इंजिन बंद करायला लावतात. एका फोटोसाठी तासभर थांबतात, आणि पक्षी उठवायला सांगत नाहीत. कुटुंबं येतात त्यांना पक्षी उडताना बघायचे असतात. ‘दादा, जरा जवळ घ्या ना!’ मी घेत नाही. पक्षी तिथं खायला उतरलेले असतात, त्यांना सारखं उठवलं तर ते खाणार कधी? पोरांना हे नीट सांगितलं तर समजतं, मोठी माणसं नाराज होतात.

तिसरी माणसं उन्हाळ्यात येतात. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. धरणात गावं गेली तेव्हा उठून गेलेल्या घरातली ही माणसं. एक आजोबा मुलाला आणि सुनेला घेऊन आले होते. पाण्याकडे हात करून सांगत होते, इथं आमची पेठ, तिथं तालीम, पलीकडं आमचं वावर. सुनेला दिसत होतं नुसतं पाणी, तरी ती एकेक विचारत होती, ‘आणि विहीर कुठं होती मामा?’ देवळाशी नाव लावली, त्यांनी उतरून पायरीला हात लावला. त्याच नावेत एक फोटोवाला होता. त्याने कॅमेरा खाली ठेवून आजोबांना उतरायला हात दिला. अशांना पर्यटक म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. माझ्याकडं भाडं सगळ्यांना सारखंच.

मॉडेल कॉलनी

आमच्याकडची खोली योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना देतो. अय्यंगार गुरुजींची १९७५ पासूनची संस्था जवळच आहे. ही माणसं महिना महिना राहतात. पहाटे उठून सराव, दिवसा वर्ग, संध्याकाळी भाजी आणायची. ताजमहाल बघितला का, असं एकीला विचारलं तर म्हणाली, या खेपेला नाही, खांदा अजून नीट उघडत नाही. तिचा खांदा आमच्या घरात सगळ्यांच्या काळजीचा विषय झाला होता.

फलटण

आम्ही बस्ता बांधायला येतो. लक्ष्मी रोडवर साड्या, मग तुळशीबागेत रुखवताचं सामान. नवरीच्या आत्याला वयामुळे इतकं चालवत नाही. तिच्यासोबत एकजण दगडूशेठला बसतो, बाकीचे दुकानं फिरतात. मंडईच्या बाजूला गाडी लावायला बरी जागा कुणाला माहीत असेल तर कळवा, आमची पुढची तारीख मार्गशीर्षातली आहे.