सोसायटीच्या मेंटेनन्स स्टाफला खरं ट्रेनिंग कसं द्यायचं? (फक्त सर्टिफिकेट नकोय)

ठाणे_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, तीन टॉवर, २१२ फ्लॅट, मी गेल्या वर्षीपासून सेक्रेटरी आहे. मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास बी विंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. वॉचमनने आरडाओरडा केला, ड्युटीवरच्या वायरमनने मेन पाडला, सीओटूचे दोन सिलिंडर मारले आणि आग तिथल्या तिथे विझली, कुणाला काही झालं नाही. पण फायर ब्रिगेडवाले आले आणि त्यांनी खात्री म्हणून जिन्यातला हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा मोठा नळ) उघडला तर पाण्याला जोरच नाही, नुसतं ठिबकतंय. पंपरूममध्ये धावलो तर पॅनलचा स्विच मॅन्युअलवर, म्हणजे पंप आपोआप सुरूच होणार नाही. कुणी केला, कधी केला, कुणालाच सांगता येईना. ते विचारतायत पंप कोण चालू करतं आणि आमची चार माणसं एकमेकांकडे बघतायत.

माणसं चांगली आहेत हो, त्यातले दोघं आयटीआयचे आहेत. एजन्सीने कोटेशनमध्ये ट्रेन्ड स्टाफ असं लिहिलंय, जाब विचारला तर क्लबहाऊसमध्ये दोन तास स्लाइड दाखवल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, फोटो काढले आणि गेले. सी विंगला बाविसाव्या मजल्यावर माझी आई दिवसभर एकटी असते, त्या रात्रीपासून मला नीट झोप नाहीये. ११ जणांचा स्टाफ आहे, वायरमन, प्लंबर, एसटीपीवाला (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बघणारा), हाऊसकीपिंगच्या ताया आणि वॉचमन धरून. यांना कुठला कोर्स करायला लावू? कमिटी खर्चाला तयार आहे.

पंपरूमवाले_काका
साहेब, मी २० वर्षं इस्टेट मॅनेजर आहे. कोर्सचं नंतर बघू, आधी तुमच्या पंपाचं सांगतो कारण हे मी चार ठिकाणी बघितलंय. फायरच्या लाइनमध्ये प्रेशर कायम भरलेलं असतं, थोडंफार उतरलं की छोटा जॉकी पंप सुरू होऊन भरून काढतो आणि बंद होतो. हायड्रंट उघडला की प्रेशर धाडकन पडतं, मग मेन पंप आपोआप सुरू होतो, आणि तो आपोआप बंद होत नाही, माणसानेच बंद करायचा असतो. लाइट गेली असेल तर डिझेल पंप. आता लाइनला कुठे गळती असली की जॉकी दर पाच मिनिटांनी घुरघुरतो, रात्री पहिल्या मजल्यावरचे लोक कंप्लेंट करतात, मग कुणीतरी बिचारा वैतागून सगळं मॅन्युअलवर टाकतो आणि सकाळी शिफ्ट बदलते. तुमच्याकडेही बहुतेक हेच झालंय. त्या माणसाला शोधून ओरडू नका, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं तो स्विच कशासाठी आहे, आधी गळती शोधा.

आणि ट्रेनिंग म्हणाल तर ते पंपरूममध्ये उभं राहूनच होतं. प्रत्येक माणसाने, अगदी वॉचमनने सुद्धा, स्वतःच्या हाताने वॉल्व्ह उघडायचा, प्रेशरचा काटा खाली जाताना बघायचा, मेन पंप सुरू झाल्याचा आवाज ऐकायचा आणि मग परत ऑटोवर आणून दाखवायचं. एकदा हाताने केलं की माणूस विसरत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या फायरच्या कायद्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी, म्हणजे फायरची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावाच लागतो ना, मग ते टेस्टिंगला येतील त्या दिवशी दोन्ही शिफ्टच्या लोकांना त्यांच्याबरोबर फिरवा. पैसे तुम्ही भरताच आहात, बहुतेक सोसायट्या नुसता कागद घेतात आणि फाइलला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लिफ्टचंही तेच. लिफ्ट अडकली की वॉचमन चावी लावून दरवाजा उघडतो आणि आतल्याला उडी मारा म्हणतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असेल तर खाली शाफ्ट उघडा असतो, माणूस पाय घसरून सरळ खड्ड्यात जातो. आतल्याशी बोलत राहायचं, धीर द्यायचा, लिफ्ट कंपनीला फोन करायचा, आणि ज्याला कंपनीने शिकवलंय तोच मेन बंद करून लिफ्ट मजल्याला आणेल आणि मगच दरवाजा उघडेल. वॉचमनच्या गळ्यात ती चावी नको.

नीलिमा_हाऊसकीपिंग
काकांचं सगळं पटलं, फक्त हाऊसकीपिंगच्या बायकांना शेवटी ठेवू नका, सगळ्यांचं असंच होतं. मी स्वतः झाडू मारण्यापासून सुरुवात केली, आता एका आयटी पार्कात ४० बायका माझ्या हाताखाली आहेत. संडास साफ करायचं लिक्विड म्हणजे ॲसिड असतं, त्यात ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन गॅस होतो. आमच्या एका ताईने चकचकीत निघावं म्हणून दोन्ही एकत्र टाकलं, दार लोटलेलं, बाहेर आली तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. कॅनवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं, आणि ती चौथी शिकलेली. त्यानंतर मी प्रत्येक बाटलीला मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, संडासाची लाल, काचेची निळी, फडकीसुद्धा त्याच रंगाची. ज्यांना वाचता येत नाही त्या रंग बघतात.

अजून एक, ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेत घ्या. आठ तास उभं राहून झाल्यावर थांबवून घेतलं तर कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, बायकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो. आणि शिकलेल्या माणसाचा पगार थोडा तरी वाढवा, नाहीतर तो शिकून शेजारच्या टॉवरला जाणार, आणि त्यात त्याची काय चूक.

एसटीपी_ऑपरेटर_हिंजवडी
माझंपण ऐका. आमच्याकडे एजन्सी दरवर्षी बदलते, जुना ऑपरेटर जातो आणि प्लांटची सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते, नवीन पोराला मोटर चालू-बंद एवढंच दाखवतात. मला एका म्हाताऱ्या ऑपरेटरने शिकवलं, एक लिटरच्या नळकांड्यात एरेशन टाकीचं (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) पाणी घ्यायचं, अर्धा तास हलवायचं नाही, गाळ किती एमएलला बसतो ते रोज वहीत लिहायचं. रंग चॉकलेटी पाहिजे, काळा पडला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला की हवा कमी पडतेय, हवा सोडणारा ब्लोअर बघा. ती वही सोसायटीची ठेवा, एजन्सीची नाही.

आणि पाया पडून सांगतो, टाकीत कुणालाही उतरवू नका. पंप अडकलाय, दोनच मिनिटं जाऊन ये, असं म्हणतात, खाली गॅस असतो, पहिला पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. हे स्टाफच्या आधी कमिटी मेंबरना शिकवा, कारण घाई त्यांचीच असते.

दुबईकर_सातारचा
कोर्सचं विचारलंय म्हणून लिहितो, मी इथे दुबईत फॅसिलिटीमध्ये, म्हणजे इमारतींच्या देखभालीत, ९ वर्षं आहे. ज्यांच्याकडे अनुभव आहे पण कागद नाही त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) आहे, आधीच्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, बाहेर जायचं असेल तर उपयोगी पडतं. सुपरवायझर किंवा मॅनेजर लेव्हलला इफ्मा या आंतरराष्ट्रीय फॅसिलिटी मॅनेजमेंट संस्थेचा एफएमपी (फॅसिलिटी मॅनेजमेंट प्रोफेशनल) कोर्स बघा, चार विषय आहेत, मेंटेनन्स, प्रोजेक्ट, फायनान्स आणि लीडरशिप. पण तो खर्चिक आहे आणि इंग्रजीत आहे, वायरमनला त्याचा काही उपयोग नाही.

माझ्या साइटवरची एक सवय मात्र उद्यापासून करता येईल. पॅनलवर काम करताना एमसीबी बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि नावाची पाटी अडकवायची, चावी स्वतःच्या खिशात. गावाकडे माझा चुलतभाऊ खांबावर असताना खालून कुणीतरी लाइट चालू केली होती, वाचला, पण उजवा हात गेला. कुलूप दोनशे रुपयाला मिळतं.

ठाणे_सेक्रेटरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं काल रविवारी सकाळी दोन्ही शिफ्टना बोलावलं, ड्युटी धरून, नीलिमाताई. नाइटच्या वॉचमनने पहिल्यांदाच हायड्रंट उघडला, मेन पंप सुरू झाला तेव्हा तो दचकून मागेच सरकला आणि मग म्हणाला परत एकदा करू का. तीनदा केलं त्याने. गळती बागेतल्या लाइनच्या जॉइंटला सापडली, आठवड्यात खोदतोय. कुलपं आणि पाट्या मागवल्यात, लिफ्टच्या चाव्या आता माझ्या कपाटात आहेत. एसटीपीची वही आजपासून सुरू केली, पहिलं रीडिंग ६५० एमएल आलंय, गाळ जास्त वाटतोय, हिंजवडीवाले दादा जरा सांगाल का किती काढायचा ते?