जानेवारीत डिझेल गाडीने स्पिती: ऑइल ५डब्ल्यू-३० ठेवू की १५डब्ल्यू-४०?

भटक्या_संगमनेर
नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटी आम्ही तिघं मित्र गाडीनेच स्पितीला निघतोय. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको करत काझा, कारण मनालीकडून कुंझुम खिंड तेव्हा बंद असते. गाडी २०१६ ची १.३ डिझेल हॅचबॅक आहे, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय आणि आजवर तेच टाकत आलोय. पण आता आमचे मेकॅनिक म्हणतात घाट चढायचेत, इंजिन तापेल, १५डब्ल्यू-४० जाड ऑइल टाकून जा. दुसरीकडे एक मित्र म्हणतो थंडीत पातळच पाहिजे, ०डब्ल्यू टाक. रात्री गाडी उघड्यावरच उभी राहणार. नक्की काय टाकू?

कोथरूडकर७७
१५डब्ल्यू-४० अजिबात नको. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा आणि नंतरचा गरम इंजिनचा. एसएई जे३०० नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात थंडीच्या दोन टेस्ट असतात, एक सेल मारताना ऑइल इंजिनला किती अडवतं त्याची आणि दुसरी पंप ते ऑइल ओढू शकतो का त्याची. १५डब्ल्यूची पहिली टेस्ट उणे २० ला होते, दुसरी उणे २५ ला. ५डब्ल्यूसाठी हेच उणे ३० आणि उणे ३५, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४०. काझ्यात जानेवारीत रात्री उणे २० च्या आसपास जाणं नेहमीचंच, म्हणजे १५डब्ल्यू तिथे नवंकोरं असतानाच शेवटच्या पायरीवर उभं असणार, आणि डिझेल इंजिनमध्ये काजळी मिसळत जाते तसं ऑइल अजून जाड होतं ते वेगळंच.
सेल मारल्यावर ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टर्बोपर्यंत पोचायला जेवढा उशीर तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. इंजिनची सगळ्यात जास्त झीज इथेच होते, घाटात नाही. घाटात तापायचं म्हणाल तर बाहेर शून्याखाली हवा असताना कूलिंग सिस्टीम धड असेल तर काही होत नाही.
निफाडला पारा ५-६ वर आला म्हणून इथे कोणी ऑइल बदलायची गरज नाही, ५डब्ल्यूच काय १५डब्ल्यूही तेवढं सहज सोसतं. स्पितीचा मामला वेगळा आहे. तुमचं ५डब्ल्यू-३० च योग्य, फक्त फुल सिंथेटिक घ्या आणि निघायच्या आधी ताजं टाका.

गॅरेजवाला_नाशिक
वरच्या दादांशी सहमत. मेकॅनिक लोक जाड ऑइल सुचवतात त्याला कारण आहे, जुनी घासलेली इंजिनं ऑइल खातात, धूर मारतात, तिथे जाड ऑइलने थोडे दिवस झाकून जातं. तुमची गाडी ऑइल खात नसेल तर तो विषयच नाही. डिपस्टिकवर दोन सर्व्हिसिंगच्या मधे लेव्हल किती उतरते ते बघा, कळेल.
ऑइल बदलताना फिल्टर नवा, चेंबरच्या ड्रेन प्लगचं वॉशर नवं. डब्यावर ग्रेडबरोबर एपीआय नाहीतर एसीईए या संस्थांचं दर्जाचं स्पेसिफिकेशनही मॅन्युअलशी जुळवा, नुसतं ५डब्ल्यू-३० बघून पेट्रोलवालं उचलू नका. बीएस६ डिझेल असतं तर डीपीएफमुळे (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कमी राखेचं ऑइल लागलं असतं, तुमची २०१६ ची त्याआधीची आहे.
आणि भाऊ, ऑइलपेक्षा मला कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, जास्त काळजी वाटते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षभर नळाचं पाणी ओतत राहतात. कूलंटचा डबा उघडून बघा, हिरवा-लाल रंग जाऊन फिका चहासारखा झाला असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच आहे. ते रात्री गोठलं की फुगतं आणि थेट इंजिनच्या ब्लॉकला तडा जातो. सगळं काढून कूलंट आणि शुद्ध पाणी ५०:५० भरा, ते उणे ३५ पर्यंत गोठत नाही. हीटर प्लग चारही तपासून घ्या, एक जरी मेलेला असला तरी सकाळी गाडी रडवते.

प्रेअरीवरून
मी एडमंटनला असतो, इथे उणे ३० म्हणजे दर हिवाळ्यात ठरलेलं. इथे बहुतेक गाड्यांना ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) असतो, रात्री गाडीचा प्लग सॉकेटला लावून झोपायचं, ऑफिसच्या पार्किंगमध्येही सॉकेट असतात. काझ्यात ती सोय नाही म्हणून ऑइल आणि बॅटरी या दोनच गोष्टींवर भिस्त. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर बदलूनच निघा.
०डब्ल्यूबद्दल, ०डब्ल्यू-३० हे गरम झाल्यावर ५डब्ल्यू-३० च्याच वर्गात बसतं, त्यामुळे स्पेसिफिकेशन जुळत असेल तर चालेल. पण मुद्दाम शोधत बसायची गरज नाही. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर थांबा आणि हळू चालवायला लागा, पहिले पाच-सात किलोमीटर दोन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका. उभ्या उभ्या अर्धा तास इंजिन चालू ठेवून डिझेल गाडी नीट गरम होत नाही.

भटक्या_संगमनेर
खूप खूप आभार सगळ्यांचे! ५डब्ल्यू-३० फायनल. कूलंट आत्ताच बघून आलो, चहाच आहे, उद्या बदलतो. टाकीतल्या डिझेलचं काय? तेही गोठतं ना?

कोथरूडकर७७
हो, त्यातलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर चोक होतो, खोबरेल तेल थंडीत पांढरं होतं तसंच. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत चालणारं खास डिझेल आणलं ते याचसाठी. खालच्या मैदानातलं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका, रामपूरच्या पुढे टाकी कमी झाली की तिथल्या पंपावर भरत जा आणि अँटी-जेल अॅडिटिव्ह डिझेल पातळ असतानाच टाका, एकदा घट्ट झाल्यावर टाकून उपयोग नाही. तिकडे वर गेल्यावर कोणीतरी रॉकेल मिसळायला सांगेल, ते करू नका, कॉमन रेलच्या (आजच्या डिझेल इंजिनातली जास्त दाबाची इंधन यंत्रणा) पंपाला डिझेलचंच वंगण मिळतं आणि रॉकेल त्यात फारच कोरडं आहे. जाताना एक जादा डिझेल फिल्टरही घेऊन जा.