मदत हवी आहे: तांबोशी की जिताडा?
राम राम मंडळी. मी नागपूरचा, आपल्या गळाला रोहू, कटला, फार तर मरळ. दिवाळीत रेवदंड्याच्या खाडीत, कांदळवनाच्या कडेला, जिवंत कोळंबीवर वीतभर मासा लागला. अंग तांबूस, पुढे सुळे, शेपटी जवळपास सरळ कापल्यासारखी. साळा म्हणतो जिताडा. पण जिताडा चंदेरी असतो न, शेपूट गोल अन् खालचा जबडा पुढं आलेला? मला तांबोशीच वाटते. फोटो काढायच्या आधीच हातातून निसटली, हसू नका! तांबोशीची पिल्लं खाडीत वाढतात, मोठी झाली की बाहेर खडकांकडे जातात, एवढं ठाऊक आहे. मग दोनेक किलोची हवी असेल तर खाडीच्या तोंडाशी बसू की जेट्टीवर? भरतीला की ओहोटीला? मार्चमध्ये पुन्हा जातोय, सांगा भाऊ.