मदत हवी आहे : बाबा आयसीयूतून घरी आलेत, पण काकांवर रान लाटल्याचा आळ घ्यालेत (कोल्हापूर)

कळंब्याचा_पाव्हणा
घाईत लिहितोय. बाबांना डिस्चार्ज मिळाला, घरी आणलं. रिपोर्ट चांगले आहेत म्हणाले. पण घरी आल्यापासून एकच धोशा : दवाखान्यात काकांनी रात्री येऊन माझे हात बांधले, अंगठा घेतला आणि ओढ्याकडचं रान नावावर करून घेतलं. काका आत गेलेलेच नाहीत, बाहेर बाकड्यावर बसून होते. काल डबा घेऊन आले तर बाबांनी ताट ढकलून दिलं. आई नुसती रडत बसलीय. दवाखान्यात फोन केला तर "होईल कमी." कधी होईल? हे वेड आहे का? कायमचं आहे का? कोल्हापुरात कुणाला दाखवायचं? तेवढं सांगा. धीर धरा म्हणू नका, तो संपलाय.

शिरोळकर
वय काय? कशासाठी ॲडमिट होते?

गंगावेस_चहावाला
भावा, पोस्ट अर्धीच टाकलीस. व्हेंटिलेटर होता का? आधी विसरायचे का? घरी आल्याला किती दिवस झाले?

कळंब्याचा_पाव्हणा
न्यूमोनिया. व्हेंटिलेटर होता. आधी एकदम ठणठणीत, उसाच्या टोळीचा हिशोब तोंडी करायचे. आता कुणाला दाखवायचं ते सांगा की.

निवृत्त_सिस्टर
मी मिरजेत आयसीयूत नोकरी केली, बरीच वर्षं. दादा, वय अजून सांगितलं नाहीत. आणखी विचारते, रागावू नका. बाबांना आत्ता घरात नवीन काही दिसतं का, की दवाखान्यातलं जुनंच सांगतात? चष्मा आहे का, ऐकू कमी येतं का? डिस्चार्ज कार्डावर झोपेची किंवा "शांत राहण्याची" गोळी आहे का? दारू?

कळंब्याचा_पाव्हणा
सिस्टर, बाबा माळकरी आहेत. दारूचं काय विचारताय.

निवृत्त_सिस्टर
आम्ही सगळ्यांनाच विचारतो. पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत असंच भ्रमिष्टासारखं होतं आणि त्याचे उपचार वेगळे असतात. नाही म्हणालात, विषय संपला. बाकीच्यांची उत्तरं द्या.

वैद्यकीय_नाही_पण
ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुरू करा. रोज रात्री नाकात गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब. माझ्या सासऱ्यांना बायपासनंतर असंच झालेलं, महिन्यात गुण आला.

प्राजक्ता_फिजिओ
महिन्यात तसंही बऱ्याच जणांना उतार पडतो, श्रेय तुपाला! नुकताच न्यूमोनियातून उठलेला माणूस आहे, नाकात तूप घालू नका. आणि आधीच्या गोळ्या कुठल्या हे माहीत नसताना वर काढे सुचवू नका.

वैद्यकीय_नाही_पण
म्हणजे आयुर्वेद खोटा आणि तुमच्या गोळ्या खऱ्या?

प्राजक्ता_फिजिओ
मी फिजिओ आहे, माझ्याकडे गोळ्याच नसतात.

वकील_गडहिंग्लज
पाव्हणं, घाबरू नका. नुसत्या अंगठ्यावर रान जात नाही. खरेदीखत असो वा बक्षीसपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर ती दिसते. गट नंबर टाकून बघा. काही आढळलं तर लगेच हरकत अर्ज द्या, नमुना मी पाठवतो.

कळंब्याचा_पाव्हणा
वकीलसाहेब, रान गेलेलंच नाही हो! तोच तर प्रॉब्लेम आहे.

सिस्टर, वय ६८. नवीन काही दिसत नाही, दवाखान्यातलंच सांगतात, तेही रोज तेच्या ते. चष्मा आहे. कानाला मशीन आहे, पण दवाखान्यात ते पिशवीत घालून आईकडे दिलेलं. कार्डावर रात्रीची एक गोळी आहे, कशाची ते कळंना. बंद करू का?

निवृत्त_सिस्टर
बंद करू नका. झोपेच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर उलटतात. पण डॉक्टरांना नेमकं हेच विचारा : ही कशासाठी आणि कधीपर्यंत? आयसीयूत रात्री शांत ठेवायला सुरू केलेली गोळी कार्डावर तशीच उतरते आणि घरी महिनोन् महिने चालू राहते, हे मी कितीदा पाहिलंय.

आता तुमच्या बाबांचं. याला वेड म्हणत नाहीत. आयसीयूत गंभीर पेशंटला डिलिरियम होतो, म्हणजे आजारपणात भान सुटून भ्रम होतो. जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी पडणं, झोपेचा खेळखंडोबा आणि मिडॅझोलामसारखी गुंगीची औषधं, सगळं एकत्र. मिडॅझोलामवर असताना प्रत्यक्ष घडलेलं नीट साठत नाही, पण भीती मात्र आत रुतून बसते. मग त्या भीतीभोवती मेंदू गोष्ट रचतो. त्यात कानाचं मशीन नाही, चष्मा नाही. दिवस-रात्र एकच ट्यूबलाइट.

अंगठ्याचं सांगते. शुगर बघायला आम्ही दर काही तासांनी बोट धरतो, सुई टोचतो आणि थेंब येईपर्यंत बोट दाबतो. दुसऱ्या बोटाला ऑक्सिजनचा लाल दिव्याचा चिमटा चोवीस तास. नळी उपसू नये म्हणून काही वेळा हात पट्टीने कठड्याला बांधतात. बाबांच्या अंगठ्यावर टोचल्याच्या खुणा आहेत का बघा. आणि संमतीपत्रावर सही कुणाची होती?

कळंब्याचा_पाव्हणा
खुणा आहेत. दोन्ही अंगठ्यांवर बारीक काळे ठिपके. हात बांधलेले आईने काचेतून बघितलेले.

सही काकांची. मी पुण्याहून यायचा होतो.

गंगावेस_चहावाला
घ्या! आणि हे आत्ता सांगालाईस.

निवृत्त_सिस्टर
म्हणजे पलंगाशेजारी "भावाची सही झाली का", "कागद आणा" असं कुणीतरी बोललेलं असणार. गुंगीत तेवढंच कानावर पडलं. बाबा खोटं बोलत नाहीत, तुकडे खरे आहेत, जोडणी चुकलीय.

शिरोळकर
माझ्या आतेभावाला कोविडात असंच झालेलं. पंचगंगेचा पूर वॉर्डात शिरलाय आणि नर्सा होडीतून औषधं वाटताहेत, असं सांगायचा. शपथेवर. अजूनही मधेच म्हणतो, होडी होती.

पेपर_वाचक
यावर भरपूर संशोधन आहे. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाचा अभ्यास आला. ८२१ गंभीर पेशंट, त्यातल्या ७४ टक्क्यांना दवाखान्यात असताना डिलिरियम झाला. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्क्यांचे स्मरण-आकलनाचे गुण डोक्याला मध्यम इजा झालेल्यांइतके खाली होते, २६ टक्क्यांचे सौम्य अल्झायमरइतके. तरुणसुद्धा त्यात होते. डिलिरियम जितका लांबला तितकं पुढचं अवघड.

कळंब्याचा_पाव्हणा
हे वाचून मला झोप लागणार आहे का? माझ्या बाबांचं सांगा.

पेपर_वाचक
तेच सांगतोय. २०१० साली क्रिस्टिना जोन्स यांच्या गटाने युरोपातल्या आयसीयूंमध्ये डायरीचा प्रयोग केला. पेशंट बेशुद्ध असताना नर्स आणि घरचे रोज काय घडलं ते लिहितात, फोटो लावतात, बरा झाल्यावर त्याला देतात. ३५२ पेशंट होते. डायरी मिळालेल्यांत नव्याने पीटीएसडी (भयंकर अनुभवाचा मनावर राहिलेला आघात) झालेले ५ टक्के, न मिळालेल्यांत १३. तुम्ही आता मागाहून लिहून काढा.

शंकासुर_राजारामपुरी
अर्धंच सांगितलंत. २०१९ साली फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंत तोच प्रयोग झाला, 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. पीटीएसडीच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डायरी म्हणजे रामबाण नव्हे.

पेपर_वाचक
रामबाण म्हणालोच नाही. शिवाय दोन्हीकडची पद्धत वेगळी. जोन्स यांच्याकडे दोन्ही गटांचं मूल्यमापन करून, पेशंटला तयार करून मग डायरी दिली.

अजून एक मुद्दा. म्युनिकच्या शेलिंग यांच्या गटाने दाखवलंय की सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने रक्तदाब फार खाली जातो तेव्हा) हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलेल्यांत पुढे पीटीएसडी कमी दिसला. ताणाचे हार्मोन आणि आठवणी यांचा थेट संबंध आहे. डॉक्टरांना स्टेरॉइडबद्दल विचारून बघायला हरकत नाही.

निवृत्त_सिस्टर
हरकत आहे, मोठी हरकत आहे! ते शॉकमध्ये असताना दिलेलं औषध, तेही मोजक्या पेशंटांवरचा अभ्यास. घरी आलेल्या माणसाला आठवणींसाठी कुणी स्टेरॉइड देत नाही. उलट स्टेरॉइडनेच माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. पाव्हणं, हे वाचलं नाही असं समजा.

शंकासुर_राजारामपुरी
सिस्टरना शंभर टक्के अनुमोदन. आजच्या दिवसात पहिल्यांदाच.

शाहूपुरी_सुनबाई
विषय वेगळा आहे पण विचारते. आयसीयूचं बिल कॅशलेस झालं का? आमच्या सासूबाईंच्या वेळी हातमोजे आणि डायपर मेडिक्लेमने कापले, ती रक्कमच पोटात गोळा आणणारी होती.

गंगावेस_चहावाला
वहिनी, वेगळा धागा काढा, तिथं मीपण रडायला येतो.

प्राजक्ता_फिजिओ
अंगातल्या ताकदीबद्दल कुणीच विचारलं नाही. बाबा खुर्चीतून हात न टेकता उठतात का? व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात. अशक्तपणा, विसरभोळेपणा आणि भीती, तिन्ही जोडीने येतात, म्हणून त्याला एकत्र नाव दिलंय : पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. २००९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवर असतानाच पेशंटला उठवून-बसवून व्यायाम दिला, तर त्यांच्या डिलिरियमचे दिवस कमी झाले. घरी रोज थोडं चालवा, प्रोटीन वाढवा.

रंकाळा_रस्सा
प्रोटीन म्हणाला तर पांढऱ्या रश्शासारखं काही नाही. आळणी मटणाचं पाणी द्या, चार दिवसांत तालमीत जातील.

गंगावेस_चहावाला
माळकरी आहेत म्हणून वर लिहिलंय की रं!

रंकाळा_रस्सा
मग मूग, पनीर. काय बिघडलं.

कळंब्याचा_पाव्हणा
हात टेकून उठतात. आता मुख्य प्रश्न. बाबा "अंगठा घेतला" म्हणाले की मी काय म्हणायचं? मी "असं झालंच नाही" म्हणतो, ते चिडतात. आई "हो हो" म्हणते, ते अजून चिडतात.

गंगावेस_चहावाला
डिजिटल सातबारा काढून समोर ठेव. १५ रुपयांत काम. बाबांचं नाव दिसलं की गप्प.

वकील_गडहिंग्लज
अनुमोदन. कागद खोटं बोलत नाही.

निवृत्त_सिस्टर
कागद हातात असू द्या, पण वाद जिंकायला फेकू नका. माणूस अशक्त असताना त्याला खोटं पाडलं की तो गप्प होतो, पण मनातून जात नाही. आधी भीती मान्य करा : "बाबा, हात बांधलेले होते, आईने बघितलंय. तुम्हाला किती भ्या वाटलं असेल." मग खरं काय होतं ते एकेक करून भरा. हात का बांधले, अंगठ्याला काय टोचलं, सही कशाची होती. डायरीवर दोघं भांडताहेत ते भांडू द्या. दवाखान्याच्या तारखा, घरच्यांनी केलेले फोन, काका बाहेर बाकड्यावर झोपले ते, सगळं सलग लिहा आणि बाबांना मागतील तेव्हा वाचून दाखवा. सातबारा त्यांनी मागितला की द्या. काकांना चार दिवस डबा तुमच्याच हातून पाठवायला सांगा.

गंगावेस_चहावाला
मी अजूनही म्हणतो आधी सातबारा. आपल्याकडची माणसं कागदावर विश्वास ठेवतात, भावनांवर नाही.

निवृत्त_सिस्टर
तुमचे बाबा असते तर तसं करा.

कुणाला दाखवायचं : आधी ज्यांनी न्यूमोनिया बघितला त्या फिजिशियनला, गोळ्यांच्या यादीसकट. मग मानसोपचारतज्ज्ञ. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या किंवा खासगीत. तोवर रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. पण अचानक गुंगी वाढली, ताप आला, लघवीला त्रास झाला किंवा नवीन माणसं दिसायला लागली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. तो नव्याने झालेला डिलिरियम असू शकतो. आणि जगणं नको म्हणाले तरीही लगेच.

"कायमचं आहे का" हे नेट बघून कुणीच सांगू शकत नाही. पुष्कळ जण पहिल्या काही महिन्यांत सावरतात. हिशोब पूर्वीसारखे तोंडी जमताहेत का ते तेवढं बघत राहा.

कळंब्याचा_पाव्हणा
सोमवारी फिजिशियनची वेळ मिळाली. मघाशी हात बांधल्याचं खरं होतं असं बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग मी तेच तर सांगालोय." बराच वेळ नर्सचं विचारत होते, सुईचं, दिव्याचं. काकांचं नाव मात्र काढू देईनात.

आता दुसरंच. कानाचं मशीन घातलं तर चालूच होईना. सेल गेला असणार. राजारामपुरीत कुठं मिळेल?

शिरोळकर
कुठल्या नंबरचा?

कळंब्याचा_पाव्हणा
बारका गोल असतो तो.

निवृत्त_सिस्टर
सगळेच बारके गोल असतात दादा. जुन्या पाकिटावरचा किंवा सेलवरच्या स्टिकरचा रंग बघा. तपकिरी असेल तर ३१२, केशरी असेल तर १३.

कळंब्याचा_पाव्हणा
पाकीट आईच्या पिशवीत आहे. बघून सांगतो.