लाँगबोर्ड: पाय घासून थांबताना बोर्ड उजवीकडे वळतो

पर्वरीची_मावशी
भाचा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पडून राहिला. धूळ खाण्यापेक्षा म्हणून मीच शिकायला घेतला. वय ४१, हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. ढकलणं, सरळ जाणं, थोडं वळणं जमतं. घोडं अडतं ते थांबण्यात. डावा पाय पुढे ठेवते. उजवा रस्त्याला लागला रे लागला की बोर्ड उजवीकडे, माझ्या पायावरच येतो. सराव कॉलनीच्या सपाट रस्त्यावर असतो, पण फाटकापुढचा तुकडा उतरता आहे आणि खाली नाक्यावर पोदेराची (पाववाल्याची) सायकल नेमकी तेव्हाच वळते.

चिखली_एक्सप्रेस
मागे वजन टाका, शेपूट (बोर्डाचं मागचं टोक) रस्त्याला घासा, विषय संपला. आम्ही तसंच थांबतो.

अल्तिनोकर
वरचं ऐकू नका. ते आखूड स्केटबोर्डचं काम. तुमच्या लाँगबोर्डला वर उचललेली शेपूट बहुधा नसेलच, आणि असली तरी उतारावर भार मागे गेला की बोर्ड पुढे निसटतो नि आपण पाठीवर.

मावशी, खोट मागच्या पायात नाही, पुढच्यात आहे. डावं पाऊल अजून आडवंच ठेवता ना? तशा पावलावर उभं राहून दुसरा पाय खाली नेला की भार बोटांच्या कडेला सरकतो. ज्या कडेवर भार त्या बाजूला वळायचं, ट्रकचं, म्हणजे फळीखाली बोल्टांनी बसवलेल्या चाकांच्या आसाचं, कामच ते. म्हणून पाय उतरवण्याआधी डावं पाऊल नाकासमोर सरळ करा, फळीच्या मधोमध, पुढच्या बोल्टांच्या जरा मागे. गुडघा वाकवा आणि सगळं वजन त्याच पायावर ठेवा. उजवा तळवा सपाट आणि अलगद टेकवायचा. टाच आधी रोवलीत तर पाय मागे राहतो, बोर्ड पुढे जातो. पाय फळीजवळ असू द्या, पण मागच्या चाकाच्या वाटेत नको. आवाज आधी बारीक ‘सर्र’ असा यायला हवा. दाब मागाहून वाढवा.

खूण सांगतो: घासता घासता उजवा पाय अचानक वर उचलून बघा. तोल गेला तर वजन अजून खालच्या पायावर आहे.

उताराचं गणित वेगळं. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते. तेव्हा वेग येऊ द्यायचा आणि नाक्यावर थांबायचं असं नाही, वरूनच घासत यायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत फाटकापासून बोर्ड काखेत मारून चाला, त्यात कमीपणा कसला?

सुरूच्या_बनातला
चाकंही तपासा. ७० मिमीची मऊ, ७८ए (हे कडकपणाचं माप) वगैरे असतील तर बारीक खडीवरून जातात. स्केटबोर्डची ५२ची कडक चाकं असतील तर मिरामारला सुरूचं एक बोंड पुरे: चाक जागच्या जागी अडतं, आपण पुढे.

पर्वरीची_मावशी
अल्तिनोकर, पाऊल सरळ केलं आणि बोर्ड खरंच सरळ गेला! फक्त थांबण्याआधी पाऊल पुन्हा आडवं करताना डुगडुगते. आणि धावण्याच्या बुटाचा तळ आत्ताच झिजायला लागलाय.

अल्तिनोकर
आडवं करायची घाई कशाला? पूर्ण थांबेपर्यंत तसंच राहू दे. धावण्याच्या बुटाचा फोम रस्ता खाऊन टाकतो. सपाट, जाड रबरी तळाचे घ्या. हेल्मेटबरोबर मनगटाचे गार्डही हवेत, कारण पडताना हात आपसूक पुढे जातो. आणि पाऊस लागला की उतार बंद. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला शेवाळ धरतं, ओल्या डांबरावर तळव्याची पकड बरीच कमी होते.

फोंड्याचा_पाव्हणा
माझा इलेक्ट्रिक आहे, ब्रेक रिमोटवर. मला हे सगळं कशाला?

अल्तिनोकर
घर टेकडीवर आहे का? असलं तर पूर्ण चार्ज करून खाली सुटू नका. त्या ब्रेकमध्ये मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते; बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते आणि काही बोर्डांचा ब्रेक ऐन उतारावर ढिला पडतो किंवा सुटतो. थोडी जागा ठेवूनच निघा. आणि पाय घासायचं शिकाच, रिमोटची बॅटरीही संपते.